हिलाल आप्पांचा शेवटचा दगड

हिलाल आप्पांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या कुंपणाला लागून, गोणपाटाच्या आडोशाखाली ते दिवसभर दगड फोडत बसायचे. 'फोडत' हा माझा शब्द. त्यांच्यापुढे तो चुकून उच्चारला, तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"फोडतस त्या खडीवाला, गुर्जी. मी घडस."

मी नगरकडचा, नोकरीला नवा आणि रागाला जरा जास्तच तयार. तिसऱ्या तासाला मी मुलांपुढे गळा काढून कविता म्हणत होतो आणि बाहेरून खण्-खण्-खण् चाललं होतं. मी पुस्तक हातात घेऊनच बाहेर गेलो आणि म्हणालो, "काका, आत मुलं शिकतात. जरा माणसांचा विचार करा."

त्यांनी हातोडा खाली ठेवला. चष्म्याची काच धोतराने पुसली. माझ्या आवाजाचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झालेला दिसला नाही.

"कविता कोनता तासले ऱ्हास?"

"तिसऱ्या."

"मंग तिसरा तासले मी टाक्यासले धार लावत जासू. अन् पाढा?"

"पाढे पहिल्या तासाला," मी म्हणालो. आता माझीच उलटतपासणी सुरू झाली होती.

"पाढासले चालू ठेवस. पोरे ठेक्यावर म्हनतीन."

आणि खरोखर पोरं ठेक्यावर म्हणू लागली. सतरा, अठरा आणि एकोणीस या पाढ्यांशी माझ्या वर्गाचं हाडवैर होतं, ते त्या हातोड्याने मिटवलं. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती निमूटपणे थोपटून घेतली. पोरांनी मात्र खिडकीकडे बोट दाखवून माझी अब्रू घालवलीच.

आप्पा शिरपूरकडचे, तापीकाठच्या एका लहान गावातले. घराणं पाथरवटांचं. गावात कामधंदा राहिला नाही, एकुलता एक मुलगा रोहिदास पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या कारखान्यात लागला, म्हणून बापाने हत्यारांची पिशवी उचलली आणि सुरत गाठली. आता सुरतेत सगळं मिळतं, पण दगड मिळत नाही. खणलं की गाळ. आप्पांना हे फार लागायचं. म्हणायचे, "तापी आमना गावथून दगड लई निंघस, अन् आठे पोचतपोचत त्याना चिखल व्हई जास." ते असं म्हणायचे, की जणू तापीने हे मुद्दाम केलं होतं.

व्याऱ्याकडच्या खाणींतून खडीचे ट्रक येत. त्यांचे ड्रायव्हर आप्पांना ओळखायचे. एखादा चांगला काळा धोंडा खडीत आला, तर तो आडोशासमोर उतरवून जायचे. आप्पा त्या धोंड्याभोवती एक फेरी मारत, मग हातोडीने टिचकी द्यावी तसं चार ठिकाणी वाजवून पाहत. आवाज खणखणीत आला तर मान हलवत. बद्द आला तर म्हणत, "याना पोटमा चीर शे." बाहेरून धोंडा अगदी गुळगुळीत असायचा. मी एकदा पैज लावली, की यात चीर नाही. आप्पांनी तीन घाव घातले, धोंड्याचे दोन तुकडे झाले, आणि आठवडाभर माझ्याकडचा चहा झाला.

पोटाचं काम म्हणजे पाटे, वरवंटे, खलबत्ते, आणि घरोघरच्या गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावून देणं. तेही कमी होत चाललं होतं, कारण खान्देशी घरांतून मिक्सर आले होते. पण आप्पांचं खरं काम वेगळं होतं. त्याला ते लोक नुसतंच 'दगड' म्हणत.

त्यांच्या भाऊबंदांत रीत अशी, की माणूस अकाली गेला तर गावच्या शिवेवर त्याचा दगड बसवायचा. हातभर उंचीचा. वर चंद्र-सूर्य, खाली तो माणूस, आणि त्याच्या हातात तो जे काम करायचा त्याची वस्तू. शेतकऱ्याला कासरा, शिपायाला तलवार, बाईला घागर. चेहरा सगळ्यांत शेवटी, आणि चेहऱ्यातही डोळे शेवटी. डोळ्यांवर टाकी पडली की माणूस गेला हे सगळ्यांनी मान्य केलं. त्याआधी तो नुसता धोंडा. मग गावातली माणसं सुरतेला येऊन वारली, तरी दगड गावाकडेच बसायचे आणि ते घडवायला लोक आप्पांच्या आडोशाला यायचे.

पण सुरतेत मेलेल्या माणसाच्या हातात द्यायचं काय? एकदा एक बाई आली. तिचा नवरा लूमवर काम करायचा. खान्देशी माणसं त्या जागेला 'खातं' म्हणतात, तसल्या एका खात्यात. आप्पांनी लूम कधी पाहिला नव्हता. ते दुसऱ्या दिवशी त्या खात्यात गेले आणि सबंध दिवस भिंतीला टेकून उभे राहिले. परत आले ते कानांवर हात धरून. मला म्हणाले, "गुर्जी, तठे माणूस माणूसशी बोलत नही. बोली सकतच नही." मग त्यांनी दगडातल्या माणसाच्या एका हातात धोटा दिला आणि दुसरा हात कानावर ठेवला. त्या बाईने दगडातल्या त्या कानावरच्या हाताला हात लावला. म्हणाली, घरी आल्यावर तो असाच कानावर हात धरून बसायचा.

ही गोष्ट त्यांनी तिला विचारूनच घेतली असणार. दगड घडवायला आलेल्या माणसांना ते कधी 'दिसायला कसा होता' असं विचारत नसत. तो जेवायला कसा बसायचा, रागावला की काय करायचा, दारातून आत येताना आधी कोणाला हाक मारायचा, असलं काहीबाही विचारत. मी एकदा छेडलं, की आप्पा, तुम्ही दगड घडवता की सोयरीक जमवता? ते हसले नाहीत. म्हणाले, "तोंड तं समदासले ऱ्हास, गुर्जी. बसानी रीत एकेकनी येगयी."

एक नियम मात्र ते कोणासाठी मोडत नसत. जिवंत माणसाचा चेहरा दगडात आणायचा नाही. ज्याचा चेहरा, त्याचा दगड. तो बसला की तो माणूस मेल्यात जमा. एकदा एक गुजराती शेठ गाडी घेऊन आले. बंगल्याच्या फाटकात त्यांना स्वतःचा पुतळा हवा होता. आप्पांनी हात जोडले.

शेठ चिडले. "पण काका, हूं तो अजून जीवतो छूं!"

"तेच म्हनस ना, शेठ," आप्पा म्हणाले.

गाडी धूळ उडवत गेली आणि आम्ही दोघं खूप हसलो. आप्पांना एवढं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर शेवटचंही.

घर शाळेसमोरच, रस्त्यापलीकडे. माणसं चारच. आप्पा, त्यांची बायको जिजी, रोहिदास आणि सून कोकिळा. रोहिदास पंचविशीचा, बापासारखाच उंच आणि बापाच्याच तोंडवळ्याचा. त्याच्या नखांवरून आज कारखान्यात कोणता रंग चाललाय ते कळायचं. सकाळी तो शाळेसमोरून जाताना पोरं ओरडायची, "काका, आज काय?" आणि तो दोन्ही हात वर करून दाखवायचा. जांभळे, पोपटी, कधी भडक गुलाबी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. कोकिळा साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायची. तिच्या ओढणीवर, केसांत, भाकरीच्या परातीतसुद्धा टिकल्या असत आणि जिजी त्यावरून तिला दिवसभर बोलत. पण मायेने बोलत.

मग सुरतेत प्लेग आला.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिले त्यांना सांगून कळायचे नाहीत. तोंडाला रुमाल बांधून अख्खं शहर स्टेशनकडे निघालं होतं. आप्पांनी जिजीला आणि कोकिळेला पहिल्याच दिवशी गावाकडे धाडलं. रोहिदास जायला तयार नव्हता. म्हणाला, तुम्ही याल तेव्हाच मी येईन. आप्पांपुढे कोणाचा तरी दगड अर्धा पडला होता. तो टाकून जाणं त्यांच्याने होईना. दोन दिवस बापलेकांचा वाद झाला. तिसऱ्या दिवशी आप्पांनी त्याला स्टेशनवर नेलं. दारातून शिरायला जागा नव्हती, म्हणून स्वतःच्या हातांनी त्याला खिडकीतून आत ढकललं. गाडी हलली. नरडाण्याला उतरून पुढे गाव. आदल्या-नंतरच्या गाड्यांनी गेलेली त्यांची सगळी माणसं पोचली. रोहिदास पोचला नाही.

रोगाची भीती ओसरल्यावर शोध सुरू झाला. मी आप्पांबरोबर होतो. दवाखाने झाले, मधली सगळी स्टेशनं झाली. एका स्टेशनवर पोलीस हवालदाराने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "वर्णन सांगा." भला माणूस होता, खुर्चीही दिली होती.

आयुष्यभर लोकांच्या मेलेल्या माणसांना ज्याने तोंडं दिली, त्याला स्वतःच्या मुलाचं तोंड सांगता येईना. मग आप्पा म्हणाले, "उभा ऱ्हास तं उजवा पायवर भार देस. अन् पानी पेताना डोया मिटस."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, लिहा, रंग सावळा, बांधा उंच. त्याने लिहिलं. बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "असा तं हजार व्हतीन, गुर्जी." मी शिकलेला माणूस, बोलण्याचाच पगार घेणारा, आणि त्या दिवसांत माझ्या तोंडून एक वाक्य धड निघत नव्हतं.

वर्ष गेलं. दुसरं गेलं. रोहिदासचं पत्र नाही, निरोप नाही, वाईट बातमीसुद्धा नाही. घर आपल्या रीतीने चालू लागलं, पण ते चालणं काही खरं नव्हतं. सगळ्यांत मोठा पेच आखाजीला पडायचा. खान्देशात अक्षय्यतृतीयेचा हा सण दोन गोष्टींचा. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, आणि त्याच सणाला लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, झोके घेतात, हात भरून हिरव्या बांगड्या घालतात. आप्पांच्या घरी रोहिदासच्या नावाची घागर भरायची की नाही, हे कोणाला ठरवता येईना. जिजी घागरीला हात लावू देत नव्हत्या. आणि कोकिळेला माहेरचं बोलावणं येईना, कारण तिच्या आईला कळत नव्हतं, की पोरीच्या हातात कोणत्या बांगड्या भरायच्या. पहिल्या आखाजीला कोकिळा दिवसभर टिकल्या चिकटवत बसली. दुसऱ्या आखाजीलाही तेच.

तिचं वय तेव्हा बावीस-तेवीस. तिचे वडील अमळनेरकडून आले. सोबत जातीचे दोन पंच होते. मीही तिथे होतो, कारण आप्पांनी मला बोलावून घेतलं होतं. सगळे फार नरमाईने बोलले. पोरीसाठी एक स्थळ होतं. नंदुरबारकडचा माणूस, बायको वारलेली, मूल नाही, स्वभावाने गरीब. त्यांच्यात बाईचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कमीपणा नाही. अडचण एकच. पहिल्या नवऱ्याचा दगड बसलेला हवा. दगड नाही, तर ती अजून रोहिदासची बायको.

"आमी तीन वरीस थांबनूत, आप्पा," तिचे वडील म्हणाले. "आते तुमीच सांगा."

कायद्याने माणूस मेला असं धरायला याहून जास्त वर्षं लागतात, हे ज्ञान मी मध्येच पाजळलं. कोणी लक्ष दिलं नाही, ते बरंच झालं.

आप्पा काही बोलायच्या आत जिजी आतून बाहेर आल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. "तुमी टाकी लायी तं मन्हा आंडोर, मन्हा रोहिदास मरी जाई," त्या आप्पांना म्हणाल्या. "गाडीमा तुमीच कोंबं त्याले. आते दगडमा बी तुमीच कोंबशात का?"

खोलीत कोणाला वर बघवेना. पंचांनी आखाजीपर्यंतची मुदत दिली आणि चहा न घेता उठले.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी आडोशात एक धोंडा पुढे घेतला. वर चंद्र-सूर्य काढले. खाली माणसाचं अंग काढलं, उजव्या पायावर भार देऊन उभं राहिलेलं. हातात रंगाची बादली दिली. हे सगळं पंधरा दिवसांत झालं. मग चेहऱ्याच्या जागी आले आणि थांबले. रोज सकाळी यायचे, गोणपाट बाजूला करायचे, टाकी त्या कोऱ्या जागेवर टेकवायचे. हातोडा उचलायचा आणि परत खाली. पहिल्या तासाला माझी पोरं ठेक्याशिवाय पाढे म्हणत होती आणि अठराला अडखळत होती.

मी एकदा खिडकीतून बाहेर गेलो, म्हणजे दारातूनच, पण घाईने. म्हणालो, "आप्पा, नसेल होत तर नका करू. दुसऱ्या कोणाकडून घडवून घ्या."

"दुसरानी त्याले देखेल नही."

"मग राहू द्या."

"अन् ही पोरनं काय करू?" त्यांनी घराकडे मान वळवली. कोकिळा दारात टिकल्यांचं ताट घेऊन बसली होती. "हाई अशीच म्हतारी व्हई जाई, गुर्जी. माले देखाले बी जमत नही."

त्या दुपारी कोकिळा स्वतःच चहा घेऊन आली. बशी खाली ठेवली आणि दगडाकडे न बघता म्हणाली, "आप्पा, मी कोठेच जात नही. तुमी हाऊ दगड झाकी ठेवा. मी आठेच ऱ्हासू." आणि लगेच वळून निघून गेली. तिला वाटलं असेल, की आपण म्हाताऱ्याचं ओझं उतरवलं. आप्पांनी तो चहा प्यायला नाही. गार होऊन त्याच्यावर साय धरली, धूळ बसली, तरी ते त्या बशीकडे बघत होते. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे आज कबूल करतो. वाटलं, एवढा हात चालणारा माणूस, चार घाव घालून मोकळं का होत नाही? माझं लग्न व्हायचं होतं, मूल तर फारच लांब. राग यायला तेवढं पुरेसं होतं.

आखाजीला आठवडा राहिला. शाळेला सुट्टी लागली होती. एका सकाळी हातोड्याचा आवाज ऐकू आला. मी धावत गेलो तर आप्पांनी आडोशाला चारी बाजूंनी गोणपाट लावून घेतलं होतं. आतून फक्त आवाज येत होता. आधी सावकाश, मग न थांबता. मी बाहेर उभा राहिलो. जिजीही घराच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी कान झाकले नाहीत की रडल्या नाहीत. दुपारी आवाज थांबला. आप्पा बाहेर आले, चेहऱ्यावर, मिशांवर, पापण्यांवर भुकटी. म्हणाले, "डोया उघडी दिधात."

दगड गोणपाटात बांधून टेम्पोने गावाला नेला. मीही गेलो. ऊन असं होतं, की तापीच्या पात्रातले खडक लांबूनही पाहवत नव्हते. शिवेवर आधीचे पंधरावीस दगड एका रांगेत होते, त्यातले कितीतरी आप्पांच्या आणि त्यांच्या बापाच्या हातचे. पंच जमले, भाऊबंद जमले. गोणपाट सोडलं, दगड उभा केला आणि आप्पांनी त्याच्यावर नदीचं पाणी ओतलं. भुकटी वाहून गेली. ओल्या काळ्या दगडावर चेहरा स्पष्ट उमटला.

"हुबेहूब," पंचांतला एक म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोकिळेने एकदाच पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. तिचे वडील तिला धरून बाजूला घेऊन गेले.

मी मात्र तिथेच उभा राहिलो. रोहिदासला मी रोज सकाळी, दोन्ही हात वर करून हसताना पाहिलं होतं. हा तो नव्हता. उंची तीच, तोंडवळा तोच, मिशी तरुण माणसाची. पण डोळे रोहिदासचे नव्हते. ते आप्पांचे होते. तीस वर्षांपूर्वीचे आप्पा त्या दगडातून माझ्याकडे बघत होते.

जिजी शेंदराची वाटी घेऊन पुढे आल्या. त्यांनी दगडाच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून आप्पांकडे पाहिलं. लग्न झालं तेव्हाचा आपला नवरा त्यांना ओळखू येणार नव्हता थोडाच. त्यांनी ओठ घट्ट मिटले, दगडाला शेंदूर लावला आणि मग पहिल्यांदाच, तीन वर्षांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर मोठ्याने रडल्या. बायांना वाटलं, मुलासाठी रडतेय.

परतताना टेम्पोच्या मागच्या फळीवर आम्ही दोघंच होतो. मी हळूच म्हणालो, "आप्पा, तो चेहरा..."

"देखं तुमी?"

"पाहिलं."

त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाले, "पोर सुटनी. अन् आंडोर जित्ताच शे. मन्ह काय, गुर्जी? कोनी तरी तठे उभं ऱ्हावालेच पाहिजे व्हतं."

मी त्यांचा हात धरला. तो हात नुसता खडबडीत आणि थंड होता. जिवंत माणसाचा दगड घडवायचा नाही, हा त्यांचा एकुलता एक नियम. तो त्यांनी मोडला होता, आणि त्याची शिक्षाही स्वतःच ठरवून टाकली होती. सुरतेला आल्यावर हत्यारं पिशवीत बांधून खाटेखाली सरकवली. लोक पाट्याला टाकी लावायला आले, तर जिजी परस्पर सांगायच्या, ते काम आता बंद. आखाजीला घरात घागर भरली. नाव आप्पांनी मनातच घेतलं. कोणाचं घेतलं ते आम्हा तिघांनाच ठाऊक.

पाट ठरला. खरं तर कोकिळेने बापाच्या घरून निघायचं, पण आप्पांनी हट्ट धरला, की ती माझ्या दारातून जाईल. त्यावर एक रीत होती. पाटाला निघालेल्या बाईला पहिल्या घरच्या पुरुषांनी जाताना बघायचं नाही, पाठ करून उभं राहायचं. आणि तिनेही मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर तिचा जीव जुन्या घरात अडकतो, नव्या घरी संसार लागत नाही, असं मानतात.

ऊन उतरायला लागलं होतं. दारात टेम्पो उभा होता, तिच्या माहेरची दोन-चार माणसं, गल्लीतल्या बाया. आप्पा रस्त्यापलीकडे जाऊन शाळेच्या कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो, पण मला रीत लागू नव्हती. माझं तोंड घराकडे होतं.

"देखा गुर्जी, मन्हाकडथून," आप्पा पुटपुटले. "काय नेसनी?"

"हिरवं लुगडं आहे. पदर डोक्यावर."

"बांगड्या?"

"हिरव्या. कोपरापर्यंत."

"तिनी सासू?"

"जिजी ओटी भरताहेत. आता जवळ घेतलं. आता सोडलं."

आप्पांनी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली होती. टेम्पो सुरू झाला. बाया बाजूला झाल्या. कोकिळेला मागच्या बाजूला बसवलं होतं, तिच्या आईच्या शेजारी. टेम्पो हलला आणि रस्त्याला लागला.

"गई?"

"निघाली."

"मांगे तं नही ना देखं तिनी?"

कोकिळा पदर मागे सारून बघत होती. आई तिचा खांदा ओढत होती, तरी ती बघत होती. जिजींकडे नाही, घराकडेही नाही. रस्त्यापलीकडच्या त्या पाठीकडे ती बघत होती, टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत.

"नाही, आप्पा," मी म्हणालो. "एकदाही नाही."

"बरं व्हयनं," आप्पा म्हणाले, पण तार काही त्यांनी सोडली नाही.